वण नाही

१

रविवारी आणि बुधवारी सकाळी नऊ ते बारा डॉक्टर रुहाना जुने पेशंट तपासायची. आलोर सेतारमधल्या त्या छोट्या खाजगी हॉस्पिटलात आठवडा रविवारी सुरू व्हायचा आणि तो माणसांच्या मूर्खपणाने सुरू व्हायचा, असं तिचं ठाम मत होतं. ऑपरेशन करायला तिला मनापासून आवडायचं, कारण तेव्हा पेशंट झोपलेला असायचा. तोच पेशंट जागा होऊन घरी गेला आणि दहा दिवसांनी जखम दाखवायला परत आला, की तिच्या कपाळावर आठी पडायची.

कातडीला टाके घालणं तिने वर्षभरापूर्वीच सोडलं होतं. आतले थर दोऱ्याने शिवायचे, ते विरघळायचे. वरची कातडी मात्र ग्लूने बंद करायची. लहानशी कुपी, तिच्या तोंडाशी मऊ बोळा. कुपी दाबून आतली काच फोडायची, जखमेच्या दोन्ही कडा चिमटीत जुळवायच्या आणि वरून जांभळट ग्लूचे तीन हात द्यायचे, मध्ये अर्धा-अर्धा मिनिट थांबून. झालं. आठ-दहा दिवसांत त्याचा पापुद्रा आपोआप गळून पडतो. टाके काढायला नकोत, दोऱ्याच्या खुणा नकोत. गावातले बाकीचे सर्जन अजून सुईदोरा घेऊन बसतात, त्यांना ती गोधडी शिवणारे म्हणायची. त्यांच्या तोंडावरही म्हणायची.

पेशंटला पाळायचे नियम तीनच होते. खाजवायचं नाही, वर पट्टी चिकटवायची नाही, तेल लावायचं नाही. पहिले दोन लोक पाळायचे. तिसऱ्यावर घोडं अडायचं. समुद्रकाकडी नावाचा समुद्रातला जीव शिजवून काढलेलं गमातचं तेल इथल्या घराघरात असतं. पोराचा गुडघा फुटला तरी तेच आणि बाईचं सिझर झालं तरी तेच. इथल्या केडाह प्रांतातल्या माणसाला जखमेवर तेल लावू नकोस सांगणं म्हणजे भात खाऊ नकोस सांगण्यासारखं. तेलाने ग्लू सुटतो, हे रुहाना प्रत्येकाला एकदा शांतपणे सांगायची. एकदाच.

ऐकलं नाही की तिला दाराशीच कळायचं. जखमेच्या जागी ग्लूचा पापुद्रा तिसऱ्या-चौथ्या दिवशीच उचललेला, खाली बारीक लाल रेघ, आणि वर नाकात जाणारा माशाळ वास.

"तेल लावलंत?" ती विचारायची.

"नाही डॉक्टर," असं ते सगळे म्हणायचे, बोटं मागे लपवून.

मग ती त्यांना असं काही सुनवायची, की बाहेर बाकावर बसलेल्यांच्याही माना खाली जायच्या. आणि ज्यांनी ऐकलं होतं त्यांचं मात्र ती कौतुक करायची. तिच्याकडून कौतुक ऐकायला मिळणं ही त्या हॉस्पिटलात दुर्मीळ गोष्ट होती. "छान भरलंय. वण नाही," इतकंच म्हणायची, स्वतःच्या हाताने त्या जागेचा फोटो काढायची आणि एका निळ्या अल्बममध्ये लावायची. बाहेरून कुणी डॉक्टर आले की चहाबरोबर अल्बम पुढे यायचा.

ड्रेसिंगच्या खोलीतली नर्स कक एंबुन हे सगळं तीस वर्षांच्या थंडपणाने बघत असायची. कक म्हणजे ताई, आणि हॉस्पिटलात सगळेच तिला कक म्हणायचे. ती ग्लूला डिंक म्हणायची. टाके काढायची कात्री अजून रोज उकळून ठेवायची आणि खिशात गमातच्या तेलाची बाटली बाळगायची. रुहानाला ते माहीत होतं. ती म्हणायची, की कक एंबुन निवृत्त होईल तेव्हा हॉस्पिटलचं नवं शतक सुरू होईल.

२

त्या रविवारी पहिला नंबर एंचिक सुहैमींचा होता. एंचिक म्हणजे श्रीयुत. हे पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ, दहा दिवसांपूर्वी दुर्बिणीतून त्यांचं पित्ताशय काढलेलं. चार छोटी छिद्रं, त्यातलं मोठं बेंबीत. ते टेबलावर आडवे झाले, शर्टाची बटणं काढली आणि छताकडे बघत राहिले.

रुहानाने पोटाकडे पाहिलं. पोट गुळगुळीत होतं. चारही जखमांचा मागमूस नव्हता. तिने बोटाने जागा चाचपली, समाधानाने मान हलवली आणि फोटोसाठी फोन उचलला. फोनच्या पडद्यावर पोट दिसलं तेव्हा तिला कळलं, की बेंबीही नव्हती.

तिने फोन खाली ठेवला. सुहैमींचं पोट सुटलेलं होतं, बेंबी चरबीत बुडाली असणार. तिने दोन्ही अंगठ्यांनी कातडी बाजूला ताणली. मग खाली दाबलं. खड्डा नाही, घडी नाही, रंगात फरक नाही. कढईच्या बुडासारखं सपाट.

"कक एंबुन, हे कोण आहेत?"

"सुहैमी बिन दारुस," कक एंबुन फाइल न बघताच म्हणाली.

रुहानाने फाइल घेतली, ओळखपत्राचा नंबर पडताळला आणि माणसाच्या तोंडाकडे पाहिलं. माणूस तोच होता. ऑपरेशनच्या दिवशी याच माणसाने तिला भूल द्यायच्या आधी पोस्टातल्या तीस वर्षांची कहाणी ऐकवली होती. आज मात्र तो गप्प होता.

"त्रास काही?"

"नाही डॉक्टर. फार बरं वाटतं. पोटात आता वारा शिरत नाही." असं म्हणून ते हसले. हसताना त्यांचे ओठ जेमतेम उघडले. रुहानाला वाटलं, दात घालायला विसरले असतील म्हातारबुवा.

"तेल?"

"छे. तुम्ही नको सांगितलं होतं ना." आणि ते वाट बघत राहिले, शाळेतलं पोर शाबासकीची वाट बघतं तसे.

"छान भरलंय," रुहाना म्हणाली. तिने फोटो काढला. बेंबीतून छेद घेतला की कधीकधी जागा भरून येते, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि असं आपण कुठे वाचलं होतं ते आठवायचा प्रयत्न दिवसभर केला.

३

संध्याकाळी तिने आईला फोन केला. आईचा फोन हे एरवी तिला संकट वाटायचं. शेताच्या कालव्यापासून ते शेजारणीच्या कोंबड्यांपर्यंत आई बोलत राहायची, आणि मध्येच कधीतरी, "लोंग, तू जेवलीस का?" असं विचारायची. लोंग म्हणजे घरातली थोरली. रुहाना आईला माक म्हणायची. एकदा हॉस्पिटलच्या कार्यक्रमात आईने सगळ्या डॉक्टरांना घरी केलेल्या केळ्याच्या वड्या वाटल्या होत्या आणि प्रत्येकाला, ही माझी पोरगी, असं सांगितलं होतं. रुहानाला ते अजून आठवलं की कानशिलं तापायची.

मागच्या सोमवारी तिने आईच्या गळ्यातली गाठ काढली होती. आपल्या माणसावर आपण सुरी चालवू नये हा संकेत तिला ठाऊक होता. पण गोधडी शिवणाऱ्यांच्या हातात आईचा गळा कोण देणार? तिने गाठ सुरेख काढली, आतून शिवली आणि गळ्याच्या घडीत ग्लूची बारीक रेघ ओढली. घरी पाठवताना तिने तीन नियम सांगितले आणि चौथा खास आईसाठी जोडला, दहा दिवस बोलायचं नाही. गळ्याच्या ऑपरेशननंतर आवाजाला थोडी विश्रांती बरी, इतकं त्यात तथ्य होतं. बाकीचं सगळं रुहानाच्या सोयीचं होतं.

तेव्हापासून फोनवर आई बोटाने फोन वाजवून उत्तर द्यायची. हो असेल तर एकदा, नाही असेल तर दोनदा. बोलणं दोन मिनिटांत आटपायचं. रुहानाला असे फोन आवडायला लागले होते.

"दुखतंय का माक?"

टक, टक.

"झोप लागते?"

टक.

"जेवतेस ना?"

पलीकडून काहीच आलं नाही. मग धाकट्या बहिणीने, मिलाहने, फोन घेतला. मिलाह आईजवळ राहायची, बाजारात चटया विकायची, आणि रुहानाच्या लेखी तिचं जगणं तेवढ्यातच संपायचं.

"कक लोंग, मी रोज मरळीचं सूप करते. ती घेत नाही. चमचा लावला की मान फिरवते. ओठाच्या कोपऱ्यातून थोडं पाणी घेते, बस."

"गिळताना दुखत असेल. होतं तसं."

"ती दुखत नाही अशी खूण करते. तू येऊन बघ ना."

"गुरुवारी दहावा दिवस. गुरुवारी येते."

"मग तोवर मी थोडं तेल..."

"मिलाह, तेल लावलंस तर मी त्या घरात पाऊल टाकणार नाही. माकलाही सांग."

सांगायची गरज पडली नाही. मिलाहच्या मागून, जवळूनच, फोनच्या पाठीवर नव्हे तर लाकडावर कुणीतरी बोट वाजवलं. एकदाच, ठाशीव.

फोन ठेवल्यावर रुहानाने एक काम केलं, ज्याची तिला लाज वाटली. तिने फ्रिजमधली कोंबडी काढली, कातडीचे दोन तुकडे केले आणि हॉस्पिटलातून आणलेली ग्लूची कुपी फोडून ते जोडले. सकाळी बघितलं तर तुकडे जोडलेले होते, मधली रेघ स्पष्ट होती आणि नखाने ओढल्यावर ते सुटले. ग्लू जसा असायला हवा तसाच होता. पोस्टातल्या एका जाड्या माणसाच्या बेंबीसाठी आपण कोंबडी वाया घालवली म्हणून ती स्वतःवरच चिडली.

४

बुधवारी चिगू जवावी आले. चिगू म्हणजे मास्तर. नारळ खवताना त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट यांच्या बेचक्यात चीर पडली होती. जखम लहान होती, रुहानाने बाह्यरुग्ण विभागातच ग्लू लावून त्यांना घरी पाठवलं होतं.

आज त्यांची ती दोन बोटं मधल्या पेरापर्यंत एक झाली होती.

"बोटं ओली असताना जवळ धरलीत," रुहाना म्हणाली. "मी बोटं फाकून ठेवा म्हटलं होतं. शाळेत मुलांना शिकवता तुम्ही, आणि एवढं कळत नाही?"

"फाकून ठेवली होती डॉक्टर. पाच दिवस वेगळीच होती. मग हळूहळू..." त्यांनी दुसऱ्या हाताने दाखवलं, खालून वर.

तिने कापसावर ॲसिटोन घेतलं. त्याने ग्लू विरघळतो. तिने चोळलं, पुन्हा चोळलं. कापूस स्वच्छ राहिला. मग तिने भिंग ओढून घेतलं आणि दिवा जवळ केला. कातडीवर बारीक रेघांची जाळी असते, प्रत्येक बोटाची आपापली. इथे त्या रेघा तर्जनीवरून निघून मधल्या बोटावर सरळ जात होत्या, न तुटता, न वाकता. जोड कुठेच नव्हता.

तिने भिंग बाजूला सारलं. जन्मजात जुळलेली बोटं असतात. या माणसाची आधीपासूनच तशी असतील आणि आता नुकसानभरपाई मागायला आला असेल, हा विचार तिला इतका पटला की ती जवळजवळ खूश झाली.

"लहानसं ऑपरेशन करून सोडवावी लागतील."

"राहू द्या ना," चिगू म्हणाले. "दुखत नाही. खडू धरायला उलट बरं पडतं. डॉक्टर, वण नाहीये, बघितलंत? माझा फोटो नाही का काढणार?"

बोलताना ते तोंड फारसं उघडत नव्हते. रुहानाच्या ते लक्षात आलं आणि आपण हे आधी कुठेतरी पाहिलंय, हेही. तिने त्यांना पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. फोटो काढला नाही. मास्तर दुखावले गेल्यासारखे दारापर्यंत गेले आणि तिथून एकदा मागे वळून बघून बाहेर पडले.

५

बाहेर अजून तिघं बसली होती. रुहानाने दार लावलं, कपाटातला निळा अल्बम काढला आणि ड्रेसिंगच्या टेबलावर उघडला.

त्यात सव्वीस फोटो होते, ईदनंतरचे, सगळे तिने स्वतः काढलेले, सगळे एका अंतरावरून, चांगल्या उजेडात. एकात गळू काढलेली पाठ होती. एकात काखेतली गाठ काढलेली बाई, दंड शरीराला लागलेला. या फोटोच्या वेळी तिने बाईला हात वर करायला सांगितलं होतं आणि बाईने तो उचलला नव्हता. लाजली असेल म्हणून रुहानाने तसाच फोटो काढला होता. तिने आता भिंग लावून पाहिलं. दंड आणि बरगड्या यांच्या मध्ये सावलीची रेघ असायला हवी होती.

तिने भराभरा पानं उलटली. पोटं होती अकरा. जाडी, बारकी, काळी, गोरी, एक बाळंतिणीचं. अकरा पोटांत एकही बेंबी नव्हती. हे फोटो तिने पेनांगच्या डॉक्टरांना दाखवले होते, ग्लूच्या कंपनीच्या माणसाला दाखवले होते, एकदा एका परिषदेत भिंतीएवढे करून दाखवले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. वण आहे का एवढंच सगळे बघत होते आणि तिनेही तेवढंच बघितलं होतं.

"कक एंबुन."

कक एंबुन हात पुसत आली. अल्बमकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"तेल लावलेले सगळे ठीक आहेत डॉक्टर," ती म्हणाली. "मी त्यांना फोन करते अधूनमधून. लाल रेघ आहे, खाज येते, बाकी काही नाही. तुम्ही ज्यांना ओरडलात ते सगळे."

"आणि हे?"

"यांनाही करायचे. आता ते स्वतः उचलत नाहीत. घरचं कुणीतरी उचलतं. म्हणतात आराम चाललाय, बोलत नाहीत, पण तब्येत छान आहे. कातडी अगदी तुकतुकीत झालीये म्हणतात."

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं. दोनदा. तुम्ही हसलात."

रुहानाला ते हसणं आठवलं. काय सांगितलं होतं ते नाही आठवलं. ही बाई मूर्ख आहे, अडाणी आहे, तीस वर्षं एका खोलीत राहून हिच्या डोक्याला बुरशी आली आहे, असं तिने मनात म्हणून पाहिलं. एरवी अशा वाक्यांनी तिला बरं वाटायचं. आज प्रत्येक वाक्य तिच्याच अंगावर येत होतं.

मग तिने आईला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तो उचलला गेला.

"माक? आज काही खाल्लंस?"

टक, टक.

"पाणी?"

टक, टक.

"माक, तू ठीक आहेस ना?"

टक. लगेच, आनंदाने.

कक एंबुनने खिशातली तेलाची बाटली काढून टेबलावर ठेवली होती. रुहानाने ती उचलली, आणि थँक यू म्हणायचंही तिला सुचलं नाही. बाहेरच्या तिघांचं काय करायचं असं कक एंबुनने विचारलं. त्यातल्या दोघांच्या अंगाला तेलाचा वास येतोय, हेही तिनेच सांगितलं.

"तिसऱ्यालाही तेल द्या," रुहाना म्हणाली. "तुमच्याकडे असेल ते सगळं लावा." आणि ती धावत जिना उतरली.

६

गाव वीस मिनिटांवर होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी भाताची शेतं, डोक्यावर दुपारचं ऊन, कालव्याच्या कडेला गळ टाकून बसलेली माणसं. सगळं इतकं रोजचं होतं, की अर्ध्या वाटेत तिचं डोकं पुन्हा ताळ्यावर आलं. गिळायला त्रास होतोय, सूज आहे, रक्तातलं कॅल्शियम उतरलं असेल. कॅल्शियम उतरलं की जबड्याचे स्नायू आखडतात, तोंड उघडत नाही. गळ्याच्या ऑपरेशननंतर हे होतं, पुस्तकात आहे, शिरेतून इंजेक्शन दिलं की तासाभरात उतार पडतो. आपल्याला हे आधीच सुचायला हवं होतं. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्यावर मिलाहचा राग आला. त्या पोरीने नीट सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती.

मिलाह पायरीवर बसली होती. तिचे डोळे सुजले होते.

"परवापासून काही नाही," ती म्हणाली. "पाणीसुद्धा नाही. मी काल तेल लावायला गेले, तर तिने माझ्या हातावर मारलं. मला, कक लोंग. आयुष्यात कधी मारलं नव्हतं."

"तोंड उघडत नाही ना तिला? आखडलंय?"

"मला नाही बघायला देत. स्कार्फ लावून बसते. लोंगला दाखवेन, दुसऱ्या कुणाला नाही, असं वहीत लिहून दिलंय."

रुहानाने तिला ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं. तिकडून वीस मिनिटं लागतील असं कळलं. तोवर काय करू, असं मिलाहने विचारलं. रुहाना घरात शिरली.

७

आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. नमाजाचा पांढरा लांब स्कार्फ तिने डोक्यावरून घेऊन खालून नाकापर्यंत वर ओढला होता आणि एका हाताने आतून धरला होता. दुसरा हात खुर्चीच्या लाकडी हातावर होता. रुहानाला बघताच तिचे डोळे हसले. खोलीत नाकातून येणाऱ्या श्वासाचा बारीक शीळ घातल्यासारखा आवाज होता, बाकी काही नाही. या खोलीत इतकी शांतता रुहानाने जन्मात ऐकली नव्हती.

"माक, बघू दे."

आईने स्कार्फ धरलेला हात सोडला.

रुहाना फार वेळ बघू शकली नाही. गळ्याची घडी शोधत तिची नजर वर गेली आणि तिला थांबायला जागाच मिळाली नाही. मान कुठे संपते आणि हनुवटी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं, आणि त्याच्या वर थेट नाक होतं. मधली कातडी सुंदर होती. सत्तरीच्या बाईला अशी कातडी नसते, एक सुरकुती नाही, एक डाग नाही. खिडकीतलं ऊन तिच्यावरून घसरत खाली येत होतं. रुहानाने स्वतःच स्कार्फ वर ओढून घेतला.

तिने खाली बसून बाटलीचं झाकण उघडलं. माशाळ वास खोलीभर झाला. तेलाने भिजलेला हात ती पुढे नेऊ लागली, तर आईने तिचं मनगट धरलं.

"तेल लावायचंय माक. आता लावायला हवं."

आईने मान हलवली आणि लाकडावर बोट वाजवलं. टक, टक. तिच्या डोळ्यांत मिश्कील चमक होती. पोरगी परीक्षा घेतेय असं तिला वाटत होतं, हे रुहानाला स्वच्छ दिसलं.

"माक, मीच सांगतेय. मी चुकले. लाव म्हणतेय मी."

टक, टक.

"मी थट्टा करत नाहीये. माझं चुकलं, ऐकतेस का? तू गप्प बसावीस म्हणून मी तुला ते सांगितलं. मला तुझं बोलणं नको होतं."

रुहाना हे जन्मात कुणाला म्हणाली नव्हती. आईने ते ऐकलं, पण तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. ते तिला आधीपासून माहीत असावं. तिने रुहानाचा हात आपल्या हातात घेतला, स्कार्फच्या आत नेला आणि तळवा त्या गुळगुळीत जागेवर टेकवला. मग ती थांबली आणि लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. ते बघणं रुहानाच्या ओळखीचं होतं. दर रविवारी आणि बुधवारी टेबलावर आडवी झालेली माणसं तिच्याकडे असंच बघायची.

"छान भरलंय, माक," रुहाना म्हणाली. "अगदी सुरेख भरलंय. वण नाही."

आईचा सगळा देह सैल पडला. तिने मनगट सोडलं, मान खुर्चीला टेकवली आणि समाधानाने डोळे मिटले.

रुहानाने बाटली उपडी केली. दोन्ही हातांनी ती तेल चोळू लागली, जोरात, आडवं, उभं. ओठांची जागा तिला सापडेना. नाकापासून किती बोटं खाली होते ते? खालचा ओठ जाड होता की वरचा? चाळीस वर्षं हे तोंड तिच्याशी बोलत आलं होतं आणि ते कसं होतं हे तिला आठवत नव्हतं. तेल स्कार्फवर, आईच्या झग्यावर, फरशीवर ओघळत गेलं. बाटली संपली. बाहेर मिलाह फोनवर कुणाला तरी रस्ता समजावून सांगत होती.

श्वासाची शीळ आधीपेक्षा बारीक झाली होती.

"माक," रुहाना म्हणाली, "डोळे उघड."

आईने बोट उचललं आणि लाकडावर एकदाच वाजवलं. हो.

रुहाना तिच्या पापण्यांमधली रेघ शोधत थांबली. थोड्या वेळाने तिने पुन्हा सांगितलं आणि आईने पुन्हा, तितक्याच आनंदाने, एकदा वाजवलं.